पाडव्याआधी घेतलेला कॅमेरा

नव्या कॅमेऱ्याची बातमी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली. डबा उघडलेला होता, एका हाताने पोळी मोडत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाईल सरकवत होते. एका कंपनीने नवशिक्यांसाठी नवा डीएसएलआर जाहीर केला होता. वजनाला हलका, किमतीला बेताचा, आणि कमी उजेडात आधीच्या मॉडेलपेक्षा पुष्कळ चांगले फोटो काढणारा. पुढचं मी वाचलं नाही. कमी उजेडाचं तेवढं दोनदा वाचलं, आणि घंटा झाली तेव्हा डब्यातली भाजी तशीच होती.

मला फोटोग्राफीचं वेड कधीच नव्हतं. मी देवासला भूगोल शिकवते. सहलीला मुलींचे फोटो काढते ते मोबाईलवर, आणि त्यात उंच मुलींची डोकी हमखास कापली जातात. पण त्या वर्षी मला कमी उजेडातले काही फोटो हवे होते, अगदी मनापासून हवे होते, आणि ते गुढीपाडव्याच्या आत काढायला हवे होते. पाडव्यानंतर कितीही भारी कॅमेरा आणला असता तरी त्याचा मला काही उपयोग नव्हता.

त्याचं कारण धारला होतं. धार माझं माहेर. तिथे आमच्या घराण्याचं मुरलीधराचं देऊळ आहे. संस्थानाच्या काळात पणजोबांच्याही आधी कोणाला तरी पूजेसाठी मिळालेलं, गल्लीत दोन घरांच्या मध्ये बसलेलं, नवख्या माणसाला घंटा वाजली तरच सापडणारं. पूजेचा मान भावकीतल्या तीन घरांत वाटलेला आहे. एक वर्ष एका घराचं. पाडव्याला सकाळी ते संपतं आणि किल्ल्या पुढच्या घरी जातात. ते वर्ष आमच्या घराचं होतं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अण्णांचं.

अण्णा चित्रकलेचे मास्तर होते. आता निवृत्त होऊनही खूप काळ लोटला आहे. नोकरीत असताना एकदा त्यांची कुक्षीला बदली झाली आणि नेमकं तेव्हाच पूजेचं वर्ष आलं. अण्णांनी बिनपगारी रजा घेतली. आईने त्यावरून त्यांना जे ऐकवलं ते ती जिवंत असेपर्यंत अधूनमधून ऐकवत राहिली. पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, कारण देवाचा शृंगार दुसऱ्या कोणी केलेला त्यांना बघवत नसे.

शृंगार म्हणजे काय ते सांगते. मूर्ती काळ्या पाषाणाची, हातभर उंचीची. सकाळी स्नान झालं की पीतांबर, दागिने, मग कपाळावर गंध. गंधाच्याच भुवया काढायच्या, बारीक चांदीच्या काडीने. शेवटी चांदीचे डोळे, जराशा मेणाने जागेवर बसवायचे. डोळे बसले की काळ्या दगडाला चेहरा येतो. रात्री देवाला निजवताना हे सगळं उतरवायचं, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या दोन घरांत हल्ली मथुरेहून आलेले शिवलेले पोशाख घालतात, डोळे गोंदाने चिकटवून आठवडाभर तसेच ठेवतात. अण्णांचा शृंगार रोज वेगळा. लोक ऑफिसला जाता जाता स्कूटर थांबवून बघून जात.

आणि तो शृंगार आता संपणार होता. मी अण्णांची एकुलती एक मुलगी. मुलीला आमच्याकडे गाभाऱ्यात जाता येत नाही, लग्न झालेलीला तर नाहीच. पुढच्या वेळी वर्ष आमच्या घराकडे येईल तेव्हा अण्णांना ते झेपणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. शेजारच्या घरातले काका, म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, यांनी तर साखरेत घोळून सांगूनही टाकलं होतं की अण्णा, पुढच्या टायमाला आम्ही बघून घेऊ, तुम्ही आराम करा.

न झेपण्याचं कारण अण्णांचा हात. तो थरथरायला लागला होता. चहाचा कप उचलताना बशी वाजायची, सही करताना अक्षर पसरायचं. शृंगारातही ते दिसे. डावा डोळा जरा वर बसायचा, एखादी भुवई तिरकी चढायची. पण समयांच्या उजेडात, उंबऱ्याबाहेरून, ते वाकडं असं वाटत नसे. देव किंचित रुसल्यासारखा दिसे, किंवा मिस्कील. दर्शनाला येणाऱ्या बायका म्हणत की आज देव कोणावर तरी चिडलेत. अण्णांच्या हाताला आता भाव आलाय, असंही लोक म्हणायला लागले. अण्णा ते ऐकून खूश होत. मी देवासहून गेले की मला ते लोकांचं बोलणं मुद्दाम सांगत. खरं काय ते त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याची गरज आहे असंही कोणाला वाटत नव्हतं.

मला फक्त हे हवं होतं की हात आणखी बिघडण्याआधी, वर्ष संपण्याआधी, अण्णांच्या कामाचे काही चांगले फोटो माझ्याजवळ असावेत. रोज पुसलं जाणारं काम, त्याची दुसरी काही खूण राहणार नव्हती.

आता कोणी म्हणेल, मोबाईलवर काढायचे. काढले होते. गाभाऱ्यात विजेचा दिवा लावायचा नाही असा आमच्याकडे नेम आहे, दोन समया असतात तेवढाच उजेड. माझ्या मोबाईलवर त्या उजेडात मुरलीधराच्या जागी काळा ढग यायचा आणि त्यात दोन पांढरे ठिपके. फ्लॅश मारायला अण्णांची सक्त मनाई. काकांची मुलं त्यांच्या वर्षात फ्लॅश मारून फोटो काढतात आणि रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. अण्णा ते फोटो उघडूनही बघत नाहीत. देवाच्या डोळ्यांवर वीज पाडायची आणि वर जय श्रीकृष्ण लिहायचं, असं ते म्हणतात.

म्हणून मला कॅमेरा हवा होता. कमी उजेडात चालणारा, आणि मला उंबऱ्याबाहेर उभं राहूनच फोटो काढायचे असल्यामुळे लांबचं जवळ ओढणारी लेन्स असलेला. नवा जाहीर झालेला अगदी माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटत होता. एकच अडचण होती. तो जाहीर झाला होता, बाजारात आला नव्हता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. माझ्या सासरची मंडळी कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीकडून देवासला आली. त्यांना माझी मराठी ऐकून अजूनही गंमत वाटते, कारण माझ्या एकाच वाक्यात वन्संही येतात आणि माळव्यातला भियाही येतो. नवरा कारखान्यात तयार झालेले भाग तपासतो. दिवसभर वस्तूंत खोट काढण्याचा त्याला पगार मिळतो आणि घरी आल्यावर तो ते काम फुकट करतो. त्याने दोन दिवस जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याची माहिती वाचली आणि निकाल दिला. थांब. नवा आल्यावर जुन्याला कोणी विचारणार नाही. आत्ता जुना घेणं म्हणजे बाजार उठताना उरलेली भाजी घेणं.

पण मला थांबता येत नाही, मी म्हणाले.

तर तो म्हणाला, पाडव्याला घे. तोवर नवा दुकानात आलेला असेल, पाडव्याची ऑफर असेल आणि साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्तही साधेल. आपल्याकडे मोठी वस्तू अशीच घेतात.

हे सगळं इतकं शहाणपणाचं होतं की मला रागच आला. पाडव्याच्या दिवशी सकाळी देवळाच्या किल्ल्या काकांकडे जाणार होत्या. नवरा हे विसरला नव्हता. त्याला ते फार मोठं वाटत नव्हतं, इतकंच. तो म्हणाला की काकांच्या वर्षात एक दिवस अण्णांना शृंगार करू द्या म्हणून सांगू, काका नाही म्हणणार नाहीत. त्याला आमची भावकी माहीत नाही. काका नाही म्हणाले नसते, हे खरं. पण अण्णांनी दुसऱ्याच्या वर्षात देवाला हात लावला नसता.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. स्टाफरूममध्ये एकीने सांगितलं की पुष्य नक्षत्र गाठ, तेव्हा घेतलेली वस्तू टिकते. गणिताच्या सरांनी विचारलं की एवढा खर्च आणि वापर किती, त्यापेक्षा लग्नाचे फोटो काढणारा एखादा माणूस एका सकाळसाठी बोलव. हे मी अण्णांना फोनवर विचारून पाहिलं. ते म्हणाले, कोणी परका माणूस तिपाई लावून उंबऱ्यात उभा राहणार असेल तर मी त्या दिवशी देवाला नुसता पीतांबर नेसवीन. आणि तू काढणार असलीस तरी कशाला? रोज नवा करतोच आहे की.

त्या ‘करतोच आहे’वर मी फोन ठेवला. त्यांच्या लेखी ते चालूच राहणार होतं.

मी नव्या कॅमेऱ्याची वाट बघत बसले. दिवाळी होऊन गेली, संक्रांत गेली. मोबाईलवर त्याची माहिती सांगणारे व्हिडिओ बघायचा मला नादच लागला. कुठलातरी मुलगा ‘दोस्तों’ म्हणून सुरुवात करायचा आणि आयएसओ म्हणजे काय ते समजावून सांगायचा. आयएसओ वाढवला की कमी उजेडातही चित्र उमटतं, पण त्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. नव्यात ते दाणे कमी होते. रात्रीच्या रस्त्याचे, मेणबत्तीजवळ बसलेल्या मुलीचे फोटो ही मुलं दाखवायची. काळ्या दगडाचा फोटो कोणी दाखवत नव्हतं.

शिवरात्रीच्या संध्याकाळी मी देवासच्या बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. जाताना पिशवीत घरचा लोखंडी तवा घेतला. वापरून वापरून काळाभोर झालेला तवा, आणि त्यावर लावायला देव्हाऱ्यातली दोन लहान चांदीची नाणी, मेणासकट. मुरलीधराच्या रंगाच्या जवळ जाणारी दुसरी वस्तू माझ्या घरात नव्हती. दुकानदाराला मी सांगितलं की जुन्या मॉडेलने ह्याचा फोटो काढून दाखवा, फ्लॅश न मारता आणि दुकानातले दिवे घालवून.

त्याने तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मैडम, रोटी का फोटो लेना है क्या, म्हणाला. मग मी देवाचं सांगितल्यावर त्याचा सूरच बदलला. त्याने दुकानातले दिवे घालवले, गल्ल्याजवळची अगरबत्तीशेजारची पणती पेटवली, तवा पुठ्ठ्याच्या खोक्याला टेकवून उभा केला आणि लांबून, रस्त्याच्या कडेला जाऊन, मोठ्या लेन्सने फोटो काढला. दोन माणसं दुकान बंद आहे असं समजून परत गेली. फोटो त्याने मोठा करून दाखवला. तव्यावरचे ओरखडेसुद्धा दिसत होते. नाण्यांवरची लक्ष्मी ओळखू येत होती. दाणे होते, पण असू देत.

नवीन कधी येईल, मी विचारलं.

“नया वाला तो अभी सिर्फ अनाउंस हुआ है, मैडम. माल कब आएगा, कंपनी जाने.”

मी तवा पिशवीत ठेवून घरी आले. त्या रात्री नवऱ्याशी माझं चांगलंच वाजलं. तो म्हणत होता की आणखी महिनाभर थांबलीस तर जास्त चांगली वस्तू मिळेल. मी म्हणत होते की मला जास्त चांगली नको, आत्ताची हवी. शेवटी मी सांगितलं की तुला यात खोट काढायची असेल तर पाडव्यानंतर काढ. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जुनंच मॉडेल मोठ्या लेन्ससकट घेऊन आले. घरी आल्यावर नवऱ्याने कॅलेंडर बघितलं आणि माझ्यापुढे धरलं. अमावास्या होती. मग मात्र आम्ही दोघंही हसलो.

फाल्गुनातल्या एकादशीसाठी मी रजा टाकून धारला गेले. आदल्या दुपारी देवासहून निघून इंदूरला बस बदलली. कॅमेऱ्याची बॅग सगळी वाट मांडीवर धरून ठेवली होती. अण्णांनी ती बॅग उघडूनही पाहिली नाही. जेवलीस का, एवढं विचारलं आणि उद्या देवाला आंब्याच्या मोहराचा शृंगार आहे म्हणाले.

सकाळी मी उंबऱ्यापासून चार हात मागे सभामंडपात स्टूल टाकलं. अण्णा आत होते. त्यांची पाठ दिसत होती, आणि मधूनच गंधाची वाटी सहाणेला लागल्याचा आवाज यायचा. बराच वेळ गेला. मग ते बाजूला झाले आणि देव दिसला. मोहराचे तुरे मुकुटात, गळ्यात, बासरीला. त्या दिवशी देव रुसलेला नव्हता, काहीतरी ऐकत असल्यासारखा होता. मी कोपर गुडघ्यावर टेकवून, श्वास धरून फोटो काढले. मोबाईलमधला काळा ढग गेला होता. पीतांबराच्या निऱ्या, मोहराचा एकेक कण, सगळं येत होतं. मला इतका आनंद झाला की आरतीला टाळ्या वाजवायच्या राहिल्या.

अण्णा फोटो बघतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी इतके दिवस त्यात काडीचाही रस दाखवला नव्हता. पण आरती झाली, माणसं पांगली, आणि ते खांबाला टेकून बसत म्हणाले, बघू तुझं यंत्र.

मी त्यांच्या शेजारी बसून फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिले, मोहर चांगला आलाय म्हणाले. मग विचारलं, हे मोठं होतं का? मी बटण दाबून मोठा केला. अजून, म्हणाले. मी अजून केला. आता त्या छोट्या पडद्यावर नुसता चेहरा होता. समयांच्या उजेडात, उंबऱ्याबाहेरून, लोकांना जे ऐकणं, रुसणं, चिडणं दिसत होतं, ते तिथे काहीच नव्हतं. डावा डोळा उजव्यापेक्षा चांगला जवभर वर होता. त्याच्या खालून मेण ओघळलं होतं. भुवई मध्येच तुटून परत सुरू झाली होती. चित्रकलेच्या मास्तरांना ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अण्णांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला नाही. स्वतःच धरून बसले. मग म्हणाले,

“तू म्हणत होतीस, नवा निघालाय म्हणून. ह्याच्यापेक्षा चांगला. त्यात हे सरळ येईल का?”

मी हो म्हणू शकत होते. जुनं मॉडेल आहे, स्वस्तातली लेन्स आहे, कडेने चित्र वाकतं, असं काहीही सांगितलं असतं तरी ते मानायला ते तयार बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, पाडव्याला थोडेच दिवस उरलेत, एवढं खोटं त्यांना द्यावं. पण आयुष्यभर ज्यांनी मुलांच्या वहीतली वाकडी रेष खोडून सरळ काढून दाखवली, त्यांना मी काय म्हणून फसवायचं?

“त्यातही असंच येईल, अण्णा.”

त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, आपल्या मागच्या वर्षातही थोडं होतं. म्हणजे तीन वर्षांपूर्वी. त्यांनी विचारलं की सगळ्यांना दिसत होतं का. मी हो म्हटलं. तुलाही? मी पुन्हा हो म्हटलं. सभामंडपात कबुतरं आली होती, त्यांना हाकलायला म्हणून ते उठले आणि तसेच घरी गेले.

एकादशीचं फराळाचं पान पुढे ठेवलं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, ते फोटो पुसून टाक. एकूण एक. मी त्यांच्या समोर बसून एकेक फोटो पुसला. ह्या फोटोंसाठी मी किती भांडले होते, किती थांबले होते. शेवटचा पुसताना मला रडू आलं. अण्णा म्हणाले, रडू नकोस, तो शृंगार माझा नाहीच आहे. माझ्या हातचा असा नसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं आणि डोक्यावरून न्हाऊन घे म्हणाले. मला वाटलं, आज द्वादशी, लवकर नैवेद्य असेल. न्हाऊन खोलीत आले तर पलंगावर आईचं सोवळ्याचं रेशमी लुगडं काढून ठेवलेलं. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास सगळ्या खोलीत पसरला होता. मी ते हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहेरून अण्णांचा आवाज आला, उशीर होतोय.

देवळात काका फुलं घेऊन आले होते. मला त्या लुगड्यात उंबऱ्यापाशी पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. काका वाईट माणूस नाहीत. त्यांचा आवाजही चढला नाही. अण्णा, ये कैसे चलेगा, म्हणाले. आपल्या घराण्यात बायका आत जात नाहीत. त्यात ही दुसऱ्या गोत्रातली. लोक काय म्हणतील? अण्णा वाद घालणारे नाहीत, सुधारणेची भाषणं करणारे तर त्याहून नाहीत. आईला त्यांनी कधी आत येऊ दिलं नव्हतं, मला लहानपणी उंबऱ्यावर नुसता पाय पडला म्हणून ओरडले होते. ते काकांना एवढंच म्हणाले,

“वर्ष माझं आहे. माझ्या वर्षात देव वाकडा उभा राहायचा नाही.”

काका फुलांची परडी खाली ठेवून निघून गेले. त्यानंतर पाडव्यापर्यंत ते आरतीला आले नाहीत. पाडव्याला किल्ल्या घ्यायला तेवढे आले.

अण्णा आत गेले नाहीत. त्यांनी माझं स्टूल ओढलं, चार हात मागे बसले आणि कॅमेरा मागितला. मी तो सुरू करून, लेन्स बेताची ओढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, हां, आता दिसतं. चल.

मी आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडला. आत बाहेरच्यापेक्षा गार होतं, आणि मूर्ती मला वाटायची त्याहून लहान होती. स्नान घालताना माझे हात इतके कापत होते की अण्णांच्या हाताला नाव ठेवायची सोय राहिली नाही. पीतांबर मला जमेना, तो त्यांनी बाहेरून बोलून बोलून नेसवून घेतला. भुवई तीनदा पुसली. मग मेण बोटात मळून मऊ केलं आणि डावा डोळा हातात घेतला. अण्णा कॅमेऱ्यातून बघत सांगत होते. वर घे. नाकाकडे. फार झालं. आता दाबून धर, घाई नको, मेण बसू दे. चुकलं की ते मास्तर होऊन ओरडत, शाळेत ओरडत तसेच. माझ्या पाठीवर घाम आला होता. मग त्यांचं सांगणं थांबलं. मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, हात काढ. बघू.

मी हात काढला आणि मागे सरकताना नेमकी मध्ये आले. मागे कॅमेऱ्याचा खटका वाजला. अण्णांचं बोट बटणावर पडलं होतं की त्यांनी मुद्दाम दाबलं, ते मी विचारलं नाही.

पाडव्यापर्यंत रोज असंच झालं. मी आणखी रजा वाढवली, मुख्याध्यापिकांनी फोनवर बरंच सुनावलं. मुरलीधराचे मी नंतर पुष्कळ फोटो काढले. ते सगळे चांगले आले आहेत, डोळे सरळ आहेत, आणि ते सगळे माझ्या हातचे आहेत. अण्णांच्या मते भुवया अजून कच्च्या आहेत. आता वर्ष काकांकडे आहे. मी गेले की उंबऱ्याबाहेर उभी राहते, अण्णा खांबाला टेकून बसतात.

उन्हाळ्यात त्या दुकानदाराचा फोन आला होता, मैडम, नया वाला आ गया. मी नको म्हणाले.

अण्णांनी काढलेला तो एक फोटो माझ्याजवळ आहे. त्यात देव दिसत नाही, माझ्या पाठीने तो पुरता झाकला गेला आहे. आईचं लुगडं आहे, ओले केस आहेत. दोन्ही बाजूंना समयांच्या ज्योती आहेत, पण त्या ज्योतींसारख्या आलेल्या नाहीत. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर जास्त उघडा राहिला, आणि तेवढ्या वेळात तो धरलेला हात थरथरला. म्हणून प्रत्येक ज्योतीची काळोखावर एक बारीक सोनेरी रेष उमटली आहे, वरखाली जाणारी, कापरी. त्या रेषा अण्णांच्या हातच्या आहेत. त्या मी पुसलेल्या नाहीत.